रिकाम्या ओळीतली रेघ

बाबा, आज कामावरच्या नव्या मुलीनं मला विचारलं, "मॅडम, माहिती नसेल तिथं तुम्ही रेघ का घालता? रिकामं सोडलं तर काय बिघडतं?" मी तिला चहा प्यायला पाठवलं आणि हे लिहायला बसले.

गोवा घटक राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. डिचोलीजवळच्या खाणीच्या ऑफिसातून तुम्ही टायपिस्ट म्हणून निवृत्त झालात आणि तिथंच मी कॉम्प्युटरवर रुजू झाले. कामगारांच्या रक्तगटांची यादी तुम्ही फूटपट्टी लावून टाइप करायचात आणि ज्याची तपासणी झाली नसेल त्याच्यापुढं न चुकता रेघ मारायचात. मला ते जुनाट वाटायचं. मी एका फायलीत नावं भरली, दुसरीत त्याच क्रमानं रक्तगट; तपासणी न झालेल्याची ओळ रिकामी. एका कमांडनं रिकाम्या ओळी गाळल्या, दुसरीनं दोन्ही फायली शेजारी शेजारी जोडल्या, तिसरीनं रकाने सरळ केले. तुमचं दोन दिवसांचं काम मिनिटात! यादी प्रथमोपचाराच्या खोलीत लावली आणि एक प्रत मिरवायला घरी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात तुम्ही उंडो पाव चहात बुडवून खात होता. हात पुसलेत, पट्टी घेतलीत, एकेक ओळ खाली सरकत मध्येच थांबलात. "ह्याचो गट खंयसून आयलो? हो सुयेक भियेवन धांवलो गो!" बेळगावकडचा तो फिटर सुईला घाबरून तपासणीतून पळाला होता, हे सगळ्या खाणीला ठाऊक होतं. "कॉम्प्युटर चुकना, बाबा," मी फणकारले. तुम्ही नुसतं बोट खाली नेत राहिलात. त्याची रिकामी ओळ मी गाळली होती, म्हणून त्याच्या खालच्याचा गट वर सरकून त्याच्यापुढं आला, आणि तसाच प्रत्येकाचा गट एकेक ओळ वर, शेवटपर्यंत. शेवटच्या माणसापुढं काहीच नव्हतं. ते मी पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं.

"कोणाक अपघात जालो आनी हेंच रगत दिलें जाल्यार?" तुम्ही ओरडलात. जन्मात पहिल्यांदा. चहा तसाच टाकून तुम्ही माझ्याबरोबर बस पकडलीत, आणि ती यादी भिंतीवरून उतरवली तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. कुणाला काही झालं नव्हतं.

साहेबांनी विचारलं, "चूक कुणी पकडली?" "मीच, सर. पुन्हा तपासताना दिसली." तुम्ही दारात उभे होता, हातात पट्टी. परतीच्या बसची वाट बघताना तुम्ही मला फक्त मयेच्या तळ्यात यंदा पाणी किती आहे, ते सांगितलंत. तुम्ही माझं ते बोलणं ऐकलं होतं का, हे तुम्ही असेपर्यंत विचारायचं धाडस मला झालं नाही.

इतकं लिहिलं, तेवढ्यात ती मुलगी चहा पिऊन परत आली. मी तिला सगळी हकिगत सांगितली. चूक माझीच होती, हेही सांगितलं. "बापरे! मग पकडली कुणी?" तिनं विचारलं.

बाबा, मी आजही म्हटलं, "मीच."