टाकीची शिफ्ट बदललीये

पप्पा,

तुम्ही झोपलाय, मी शाळेत निघाले. माझ्या कोरलच्या काचेच्या टाकीच्या पांढऱ्या लाइटला हात लावू नका! काल शंभर टक्क्यांवर नेलात ना? कोरल फिके पडले. जिवंत प्रवाळ आहेत ते. उजेड अती झाला की ते रंगच टाकून देतात. आता पांढरा वीसवर, निळा साठवर ठेवलाय. मी, एकटीने!

ते उघडावेत म्हणूनच उजेड वाढवलात, चूक तुमची नाही. लाइट दुपारी तीनला लागायचा, तेव्हा तुम्ही चाकणला, सेकंड शिफ्टला. तुम्हाला कोरल कायम मिटलेलेच दिसले. म्हणून तर आईला म्हणालात, "पोरीनं दगडं पाळलीत."

आजपासून त्यांचीही शिफ्ट बदलली. लाइट सकाळी दहाला लागेल, अकरापर्यंत सगळे उघडतील. संध्याकाळी मला अंधार दिसेल, चालेल.

तुमची गुरुवारची सुट्टी ओव्हरटाइममध्ये जाते, माझा रविवार क्लासमध्ये. तीन आठवडे आपण एकमेकांना नुसतं झोपलेलं बघतोय. म्हणून निघण्याआधी दहा मिनिटं टाकीसमोर बसा आणि काय काय दिसलं ते याच कागदामागे लिहा. नुसतं 'छान' चालणार नाही. वाचताना तुम्ही बोलताय असं वाटलं पाहिजे.

स्वरूपा