दाढीवाली आणि घुबड

वूस्टर, मॅसॅच्युसेट्स
मार्चातला सोमवार, बर्फ अजून आहेच

आदरणीय विनीताईस,

धाकट्या एल्डनचा वाकून नमस्कार. तुझं पत्र आज सकाळी न्याहारीच्या वेळी पोचलं. गुडघा अजून ठणकतो हे वाचून वाईट वाटलं. स्वयंपाकघराचं छप्पर गळतंय हे वाचून तर फारच वाईट वाटलं, पण बर्फ वितळत आला की गळायला वर काही उरणारच नाही. (तोवर बादली आहेच.) बाबांचं उभं घड्याळ पुढे धावतंय आणि येत्या शुक्रवारी तू कारागिराला बोलावलं आहेस, तेही वाचलं. त्यावर मला विशेष काही म्हणायचं नाही. इकडे सगळं क्षेम. डॉर्कस माझ्याशी बोलत नाही, एवढं सोडलं तर घरात काही कमी नाही. ती का बोलत नाही, तेच सांगायला बसलो आहे.

माझा नाद तुला ठाऊक आहे. सतराशे चौऱ्याण्णव सालचे तांब्याचे मोठे सेंट. साल एकच, पण त्या काळी नाण्याचे ठसे हातानं कोरायचे, त्यामुळे प्रत्येक ठशातली स्वातंत्र्यदेवी निराळी. एकीच्या बटा विस्कटलेल्या, एकीचं नाक वर, एकीचा गाल सुजल्यासारखा. ज्यांना हे दिसत नाही ते लोक विचारतात की तोच तो सेंट माणूस किती वेळा विकत घेणार. (ते लोक म्हणजे डॉर्कस.) माझ्याकडे त्या सालच्या सगळ्या बाया जमल्या आहेत, फक्त एक सोडून. ती दाढीवाली. तिचा ठसा वापरता वापरता हनुवटीपाशी तडकला आणि ती भेग नाण्यावर अशी उमटली, की देवीला थेट काठापर्यंत दाढी आली. मग तो ठसा फेकूनच दिला, म्हणून ही नाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जन्मभर मी खुर्चीत बसवून लोकांच्या दाढ्या उतरवल्या, आणि आता एका दाढीसाठी जीव टांगणीला लागला आहे. पण मी ती मिळवणारच. हे मी ठरवलं आहे आणि मी ठरवलं की काय होतं, ते तू लहानपणापासून बघते आहेस.

तर गेल्या महिन्यात गावाबाहेरच्या एका कोठारात जुन्या सामानाची विक्री होती. मी गेलो, आणि झिजलेल्या तांब्याच्या नाण्यांच्या बशीत, बटणांच्या खाली, ती! आता आम्हा नाणी जमवणाऱ्यांतली रीत अशी आहे, की हवं ते नाणं दिसलं तर चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. जांभई द्यायची, नाणं परत टाकायचं, दुसरीच एखादी निरुपयोगी वस्तू उचलायची, तिच्यावर मनापासून घासाघीस करायची आणि निघता निघता म्हणायचं, "बरं, हा तांब्याचा तुकडाही टाका त्यात." नाहीतर विकणारा सावध होतो.

मी अशी जांभई दिली, की विकणाऱ्या बाईंनी मला बसायला खुर्ची दिली. मग मी पेंढा भरलेलं एक घुबड उचललं. बाई म्हणाल्या, ते माझ्या सासऱ्यांचं होतं. मी म्हटलं, एक डोळा नाही. त्या म्हणाल्या, सासऱ्यांनाही नव्हता. मला रंग चढला. घुबडासोबत मी लोणी घुसळायचं तडकलेलं पिंप घेतलं, बर्फावर घसरायचे दोन्ही डाव्या पायाचे बूट घेतले, पुन्हा घुबडावर आलो. ताई, एवढी सुंदर घासाघीस मी आयुष्यात केली नव्हती. आणि मी घुबडाचं शेपूट हलवून दाखवत असताना मागून लेम्युएल टटल आला (आमच्या नाणेमंडळातला, दातांचा डॉक्टर, माणूस म्हणून बरा), बशीत बोट घातलं आणि सरळ विचारलं, "हे केवढ्याला?" बाईंनी सांगितलं, त्यानं दिले आणि खिशात टाकलं. कसली जांभई नाही, काही नाही. याला काय खेळ म्हणायचं?

घुबड आता दिवाणखान्यात आहे. डॉर्कस नेमकी तेव्हापासून बोलत नाही.

खरं दुःख पुढे आहे. मंडळाची बैठक चर्चच्या तळघरात असते. आधी उकडलेल्या घेवड्याचं जेवण, मग जो तो आपापलं नाणं मखमलीवर ठेवतो आणि कुणाचं सरस ते मतांनी ठरतं. टटलनं दाढीवाली ठेवली. ती दुसऱ्या कुणाकडेच नव्हती, तरी मतदान झालं. मग तो भिंग माझ्या हातात देऊन म्हणाला, "बघ रे एल्डन, पोटभर बघ. आणि काय रे, घुबड काय म्हणतंय?" सगळे हसले. मी बघितलं. मला रडू आलं, ताई, खोटं कशाला सांगू. त्या तोंडावळ्याची मला कुठेतरी ओळख पटत होती आणि कुठे ते आठवत नव्हतं. तेव्हाच मनाशी म्हटलं, पुढच्या बैठकीला मखमलीवर दोन दाढ्या असतील.

असो. माझंच पुराण फार झालं. गुडघ्याला जप.

तुझा भाऊ,
एल्डन

ता.क. कारागिराला येऊ नको म्हणून कळव. ते लोक लुबाडतात. घड्याळाचं मीच बघतो, शनिवारी गाडी घेऊन येतो. तुला घरात सोबत हवी म्हणून त्या बदल्यात घुबड आणतो आहे. माळ्यावरची फुटकी किटली आणि बाबांची छत्रीही काढून ठेव, मला फार दिवसांपासून हवी होती.

ता.क. २. घड्याळ उघडू नकोस. उघडलंस तर लंबकावर बाबांनी वेळ जुळवायला चिकटवलेला तांब्याचा तुकडा दिसेल. तो घासूपुसू नकोस. तसं त्यात काही नाही. किटली-छत्रीबरोबर तोही टाक.

वन्सं, खाली मी डॉर्कस लिहिते आहे. पत्र टपालात टाकायचं काम माझ्याकडे असतं. आज न्याहारीला तुमचं पत्र वाचता वाचता हे ओरडत उठले आणि त्यांनी घुबडाचा मुका घेतला. लहानपणी "घड्याळातली दाढीवाली येईल" म्हणून तुम्ही यांना भीती घालायचात ना, तीच ती. टटल डॉक्टरांना मी फोन करून तिची किंमत विचारली. ते म्हणाले, तेवढ्या पैशांत तुमचं अख्खं छप्पर नवं होईल, आणि हे नाही म्हणाले तर ते स्वतः घेतील. आधी यांच्याकडून छप्पर करून घ्या, मग घड्याळाचं दार उघडा. हे छपराला नाही म्हणणार नाहीत, शनिवारी यांचं तोंड बघा म्हणजे कळेल. दाढीवालीसाठी हे स्वतः वर चढून कौलं ठोकतील.

नाणं मात्र खरंच घासू नका, ते फार रडतील. आणि किटली, छत्री पाहिजे तर द्या, पण घुबड घेतल्याशिवाय यांना परत पाठवू नका.