अनुभव : सहा दिवस

आदरणीय हरिदासभाऊ,

घुग्घुसले तुम्हाले अन् वहिनींले मुखरूचा रामराम. वहिनींची कंबर आता बरी असेल. कोळशाच्या खाणीत ड्युटीवर जाताना तोंडाले रुमाल बांधता ना? (हे तुमची बहीण गुणाबाई बाजूले बसून मुद्दाम लिहायले लावून राह्यली.) इकडे सगळे ठीक. माझी छाती मात्र सदऱ्यात मावून नाई राह्यली, त्याचं कारण लिहितो.

तुमची भाची दिव्यानी बी.ए. झाली, हे तुम्हाले ठाऊकच आहे. भामरागडकडच्या गावांत आरोग्याचं काम करणाऱ्या एका संस्थेत जागा निघाली अन् बायोडाटा मागितला. आम्ही एटापल्लीले झेरॉक्सवाल्या पवनकडे गेलो. नाव झालं, शिक्षण झालं, अन् 'अनुभव' म्हणून रकाना आला तिथी गाडी फसली. पवन म्हणे, "काका, इथी निल टाकू." निल? माझी पोरगी निल? मी म्हटलं, लिही : धानाच्या रोवण्यात बावीस बायांची टोळी सांभाळली. लिही : चुलत भावाच्या लग्नात तीनशे माणसांची पंगत वाढली, भाजी पुरली. (पुरली नव्हती, पण ती चूक आचाऱ्याची.) दिव्यानी म्हणे, "बाबा, तुम्ही बाहेर बाकावर बसा." मी बसलो नाई.

मग पवननं सहज विचारलं, "मागच्या पावसाळ्यात काय केलं?" पोरगी म्हणे, "काही नाई. मैत्रिणीच्या, रीनाच्या घरी भामरागडले गेली होती, पूर आला, सहा दिवस अडकली." (त्या सहा दिवसांवरून मी तिले किती बोललो होतो, गुणाबाईले विचारा.) "सहा दिवस काय केलं मग?" तेव्हा कुठी बाहेर निघालं. दवाखान्यात सिस्टर नवीन, सांगलीकडची. तिथली माडिया बोली समजणारी मदतनीस बाई पाण्याच्या पल्याड. बुधरी नावाची पहिलटकरीण डोंग्यातून आणलेली, ती घाबरून कोणाले हात लावू देत नव्हती. दिव्यानी आश्रमशाळेत शिकलेली, माडिया तिले घरच्यासारखी येते. ती बुधरीजवळ बसली, बोलती केली. दोन दिवसांपासून डोकं फुटते अन् डोळ्यापुढं अंधारी येते, हे बुधरी सगळ्यांले सांगत होती, समजत कोणालेच नव्हतं. दिव्यानीनं मराठीत सांगितल्यावर डॉक्टरनं लगेच औषध सुरू केलं. बाई वाचली, पोरगी झाली. दिव्यानी मग सहाही दिवस तिथंच बसली, येईल त्या बाईचं दुखणं सिस्टरले सांगत.

मी म्हटलं, "अवो बाई, हे घरी काऊन नाई सांगितलं?" तर म्हणे, "तुम्ही रागावूनच राह्यले होते. अन् हे का काम होय? मले कोणी ठेवलं थोडीच होतं." पवननं सगळं टाईप केलं. भाऊ, माझ्या डोळ्यात कचरा गेला. (दुकानात पंखा बंद होता.)

गडचिरोलीले मुलाखत झाली. मी दारापाशीच उभा, कान आत. मॅडम म्हणे, "अनुभव फक्त सहा दिवसांचा?" दिव्यानी म्हणे, "हो मॅडम, सहाच. सातव्या दिवशी पूल मोकळा झाला." आत हसू फुटलं. मग मॅडमनं तिच्याशी माडियातून बोलायले सुरुवात केली, मले काहीच समजलं नाई, पण पोरगी अडली नाई. परवा फोन आला, घेतली! गावात सगळ्यांले सांगून झालं. आता बस थांबली की कंडक्टरले सांगतो. अन् भाऊ, अख्ख्या कागदात एक अक्षर खोटं नाई, याचा जास्त अभिमान.

तुमचा,
मुखरू

ता.क. – हजर होण्याआधी ओळखीच्या दोन माणसांची नावं पाहिजेत, नातेवाईक चालत नाई. एक मी तुमचं दिलं. फोन आला तर तुम्ही तिचे मामा नाई. 'भाची' तोंडून निघू देऊ नका, 'उमेदवार' म्हणा.

ता.क. २ – वरचं दिव्यानीनं वाचलं. तिनं तुमचं नाव खोडून सिस्टरचं टाकलं अन् मले बाकावर बसवलं. फोन येणार नाई. आलाच, तर तुम्ही मामाच आहात, जोरात सांगा.