सीलबंद पाकिटांची यादी

मल्लवी, १४ जुलै

प्रिय दमियाना,

गेल्या आठवड्यात तुझा फोन आला तेव्हा मी टपरीत शिडीवर चढलो होतो, म्हणून नुसतं 'हो, हो' करत राहिलो. तुझ्या साखरपुड्याला रामीकडची चाळीस माणसं येणार आणि खायला काय ठेवायचं, ते तू एका दमात सांगून टाकलंस. आईनं काही म्हणजे काही शिजवायचं नाही. सगळं दुकानातलं, सीलबंद, सियामी, म्हणजे मांस-अंडं-दूध-तूप काही नसलेलं उपासाचं, आणि ते बाबांनीच निवडायचं. "घरात माझा भरवसा फक्त तुमच्यावर आहे, बाबा," असं म्हणालीस. फोनचा आवाज मोठा होता पोरी. आई खाली शिडी धरून उभी होती. तिनं सगळं ऐकलं. शिडी मात्र सोडली नाही.

तर यादी. प्रेषितांचा उपास परवाच संपला, आणि बाजारातला सियामी माल एका दिवसात कुठे गडप झाला कोण जाणे. उपास चालू असताना ज्या बिस्किटाच्या पुड्यावर 'सियामी' असा हिरवा शिक्का मारतात, त्याच पुड्यात उपास सुटला की दुधाची भुकटी येऊन बसते. पुडा तोच, चित्र तेच. म्हणून मी भिंग घेऊन मिन्या शहरापर्यंत जाऊन आलो. चीजच्या चवीचे वेफर्स बाद, टोमॅटोचेसुद्धा बाद, त्यांत दूध आहे. पण कबाबच्या चवीचे चालतील! कबाब त्यात औषधालाही नाही, नुसता मसाला आणि रंग. तीळपापडी चालेल, तिळाच्या ताहिनीचा हलवा चालेल, खारवलेले तुरमूसचे दाणे आणि भोपळ्याच्या बिया तर काय, जन्माच्याच सियामी. वेफर-बिस्किटांत कोकोचं एकच सापडलं, तेही चौथ्या दुकानात. तिथला दुकानदार मला म्हणाला, "काका, बिस्कीट घेताय की मुलासाठी मुलगी बघताय? किती उलटंपालटं करून बघाल!" मी म्हटलं, "मुलीसाठीच घेतोय बाबा, म्हणून बघतोय." तो हसला, मलाही हसावं लागलं.

तुला ठाऊक नसेल, पण या दोन वर्षांत तुझ्या बापाचं नाव झालंय. वसतिगृहातल्या मुली येतात, दूध न पचणाऱ्या लेकरांच्या आया येतात, आणि त्यांत बुरखेवाल्याही असतात. गाडीवाले गाडी थांबवून विचारतात, लबीबकाकांची टपरी हीच का. आपल्या चर्चचे पाद्री अबूना परवा प्रवचनानंतर सगळ्यांदेखत म्हणाले, "लबीब सियामी म्हणाला की सियामी. पुड्याची पाठ वाचायचीसुद्धा गरज नाही." लोकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, आहे त्या बाकाखाली शिरावं. कारण हे सगळं मी कशासाठी करतो, ते मला एकट्यालाच ठाऊक आहे, आणि ती काही पुण्याई नाही.

तू सात वर्षांची असताना ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाचे पंचावन्न दिवस शाळेतून थेट टपरीत यायचीस. शीतपेयांचा क्रेट पालथा घालून त्यावर बसायचीस आणि पुड्याची पाठ मोठ्यानं वाचायचीस, अडखळत, अक्षरं मुंगीच्या पायाएवढी असली तरी. दूध सापडलं की ओरडायचीस, "पकडला! चोर पकडला!" गिऱ्हाइकं घाबरून हातातला पुडा खाली ठेवायची. मीच तुला शिकवलं होतं, पुढच्या चित्रावर जायचं नाही, पाठ वाचायची. फार कौतुक वाटायचं मला तुझं. अजूनही वाटतं, पण आता ते तोंडावर बोलायची छाती होत नाही.

मग तू गुराढोरांची डॉक्टर झालीस, आणि त्या वर्षी ईस्टरला घरी आलीस ती ठरवूनच. दूधवाल्यांच्या गोठ्यावर कामाला होतीस, तिथं पहिल्याच दिवशी वासरं आईपासून तोडताना पाहिलीस, आणि म्हणालीस की मी उपास सोडणार नाही, यंदा नाही आणि कधीच नाही. फिक्रिया आत्या काय म्हणाली आठवतं ना? "अगं, सणानंतरचे पन्नास दिवस तर साधू-संन्याशांनाही उपास करायची बंदी आहे. तू काय त्यांच्याहून मोठी संतीण लागून गेलीस?" आणि मग माझ्याकडे वळून, "लबीब, सणाच्या दिवशी पोर उपाशी राहते, हे बापाचं घर की मठ?" तू शांतपणे म्हणालीस, "आत्या, हा उपास नाहीच. उपासात मन मारावं लागतं. मला ते खायचंच नाहीये." इतकी सरळ गोष्ट, पण माझ्या टाळक्यात शिरली नाही. जन्मभर सियामी माल विकलेला माणूस मी. माझ्या लेखी सियामी म्हणजे ज्याच्या शेवटी सण येतो ते. सण येऊनही तू सोडत नाहीस म्हणजे तुझ्या हातून पाप घडतंय, तू वाळत चालली आहेस, आणि बाप म्हणून मीच काहीतरी केलं पाहिजे, असं मला वाटलं.

तर ऐक. ईस्टरच्या दुपारी आईनं तुझ्यासाठी छोट्या पातेल्यात वेगळ्या द्राक्षवेलीच्या पानांच्या गुंडाळ्या चढवल्या होत्या, आत तांदूळ, टोमॅटो, लिंबू, तेल आणि पाणी, बस. पळी वेगळी, झाकण वेगळं. शेजारच्या मोठ्या हंड्यात बदक शिजत होतं. आई पाहुण्यांना खुर्च्या मागायला शेजारी गेली. मी स्वयंपाकघरात गेलो, हंड्यातलं पाणी वरच्या चरबीसकट दोन पळ्या काढलं आणि तुझ्या पातेल्यात ओतलं. मग तिसरी पळीही ओतली. दोन कुणाच्या हातून घाईगर्दीत पडल्या असं म्हणता आलं असतं. तिसरी मी नीट विचार करून ओतली. झाकण ठेवलं आणि हात धुऊन बाहेर येऊन पाहुण्यांना मिठ्या मारल्या.

तू पोटभर जेवलीस. बोटं चाटलीस. "आई, आज तुझ्या हाताला काय चव आलीय गं!" असं म्हणालीस, आणि मी, निर्लज्ज माणूस, मनात म्हटलं, बघ, सण पोटात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तू उरलेलं खायला फ्रीज उघडलास. पातेल्याच्या कडेनं पांढरा थर थिजला होता. तू बोट लावून वास घेतलास. तेल असं थिजत नाही, हे तुला कुणी शिकवायची गरज नव्हती. तू किंचाळली नाहीस, हेच वाईट झालं. नुसतं विचारलंस, "आई, हे तू केलंस?" आईनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी मेजावर बसून कांद्याची पात निवडत होतो. मी मान वर केली नाही. आणि ती म्हणाली, "चुकून पळी लागली असेल गं. माझंच ध्यान नव्हतं." तू म्हणालीस, "पळी लागली की ओतलंस?" ती पातेलं उचलून मोरीकडे वळली. मी पात निवडत राहिलो. दुपारच्या गाडीनं तू कैरोला गेलीस.

तेव्हापासून तू घरी येतेस आणि आमच्याच मेजावर बसून वेफर्सची पाकिटं फोडतेस. पाणीसुद्धा बाटलीतलं. आईनं नवी पातेली आणली, त्यांना लाल दोरा बांधून वेगळी ठेवली, तुला दाखवली. तू 'छान आहेत' म्हणालीस आणि माझ्या टपरीतला बिस्किटांचा पुडा उघडलास. तू खात असतेस तेव्हा ती दारात उभी राहून बघते. फिक्रिया कुजबुजते, "पोटची पोर आईच्या हातचं विष समजते, काहीतरी केलंच असणार हिनं." हे माझ्यासमोर झालंय, एकदा नाही, दहादा. आणि मी उठून तुझ्यासाठी अजून एक पुडा आणला आहे. तू 'थँक यू बाबा' म्हणालीस की मला ते गोड लागायचं. हेही लिहून टाकतो. आई वजा झाली तेवढा मी जमा होत गेलो, आणि मला ते आवडत होतं. शरम वाटते, पण खरं आहे.

त्या फोननंतर शिडीवरून उतरलो आणि तुझ्या आईला म्हटलं, आता पुरे, मी पोरीला सांगतो. ती माझ्यावर अशी चिडली की लग्नानंतर आजवर कधी चिडली नव्हती. म्हणाली, "खबरदार तोंड उघडलंत तर! दोन वर्षं पोर या घरी येते ती तुमच्या भरवशावर येते. तोही गेला तर ती येईल कशाला? माझं काय, माझ्या हातचं नाही खाल्लं तरी डोळ्यांना दिसते ना." मी त्या सकाळी माझी कातडी वाचवायला गप्प बसलो, आणि ती गप्प बसली, तू परत यावीस म्हणून. तिला न विचारता हे पत्र टाकतोय. राग आला तर माझ्यावर काढ, यावंसं वाटलं नाही तर त्याचं कारण मला सांग, तिला नाही. यादीतलं सगळं आणून ठेवेन, पण एकेक पाठ तू स्वतः वाच, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. आणि तिला तुझ्यासाठी एक पातेलं चढवू दे. त्या दिवशी मी स्वयंपाकघराबाहेर खुर्ची टाकून बसेन. मुलीचा बाप असा दाराबाहेर का बसलाय म्हणून रामीच्या माणसांनी विचारलं, फिक्रियानं विचारलं, तरी मी खरं काय ते सांगेन.

तुझाच, लाजेनं मान खाली गेलेला,
बाबा