चिऊच्या खोलीतला झेंडू

मंगळवार, दिवेलागण

आधी विहीणबाईच आली, उंबऱ्यातच नाकाला पदर लावून. मागून व्याही. नाशिक रोडहून रिक्षा करून आले म्हणे. चिऊ, माझी नात, आजोळच्या आजीला बिलगली आणि खोकत सुटली. छातीत तीच शिट्टी.

"विहीणबाई, तुमच्या धुरीनंच पोरीची छाती भरली," ती मला म्हणाली.

धुरी तर डॉक्टर बोलले त्याच दिवशी बंद केली मी. ओवा डब्यात पडून हाय. पण ते कोण ऐकतंय? डॉक्टर असंही म्हणाले होते, घरात अजून काय काय आहे ते बघा. ते मी एकटीनंच बघितलं. थंड खोली आमची एकच, म्हणून सकाळी बाजारात न्यायचा झेंडू तिथं आणि पोरगीही तिथंच. मधे फुलांची तोड नव्हती, खोलीत झेंडू नव्हता, तेव्हा चिऊ गाढ झोपली. शिट्टी नाय, काय नाय.

सगळ्यांसमोर सांगितलं तर माझाच मुलगा म्हणतो, "आई, पडवीत ठेवला तर सकाळपर्यंत मान टाकेल. कोण घेईल?" झेंडूची काळजी. पोरीबद्दल शब्दही नाय! विहीण काय, टपूनच होती. "मग झेंडू ठेवा, पोरगी आम्ही नेतो."

एवढ्यात चिऊनं झेंडूची एक माळ माझ्या गळ्यात घातली. "आजी नवरी!" लय हसलो दोघी. हसता हसता परत खोकली.

आजचा सगळा झेंडू मी पडवीत ओतलाय. टाकू दे मान. मुलगा अजून बोलला नाय माझ्याशी. चिऊची पिशवी भरून ठेवा, रविवारी न्यायला येतो, असं सांगून गेलेत विहीण-व्याही.