लाल गाडीचे पुढचे ब्रेक

प्रिय विलू,

आपल्या दोघांत मिळून एकच सायकल होती आणि तिला ब्रेक नव्हते, आठवतं? मी चालवायचे, तू कॅरिअरवर. उतार आला की मी ओरडायचे, "विलू, टेक!" आणि तू दोन्ही पाय जमिनीला घासत न्यायचास. कॉन्व्हेंटच्या फाटकाशी मी उतरून पांढरे मोजे वर ओढायचे, आणि तू धुळीच्या पायांनी सायकल घेऊन तुझ्या झेडपीच्या शाळेत. तुझ्या चपला सारख्या झिजायच्या. बाबा तुलाच रागवायचे. मी एकदाही खरं सांगितलं नाही!

आज लिहायला बसले ते तुझ्या गाडीचं काम संपलं म्हणून. संध्याकाळी तुझ्या लेकीने, पल्लवीने ती भद्रावतीच्या तुझ्या अंगणातून बाहेर काढली. तू गेल्यापासून चार महिने ती लोखंडी घोड्यांवर उभी होती, पुढची दोन्ही चाकं काढलेली.

माजरीच्या खाणीत आयुष्यभर डंपर दुरुस्त करणाऱ्या माणसाला इतकी पळणारी गाडी कशाला हवी होती रे? तुझी सुनंदा गेल्यावर तू ती जुनी लाल गाडी घेतलीस, इंजिन आणखी तेज करून घेतलंस. मी म्हटलं, या वयात? तू म्हणालास, "ताई, पळवणं सोपं हाय. थांबवता आली पायजे." मग माझ्या मूल गावाच्या रस्त्यावर, जंगलात, एक सांबर समोर आलं आणि गाडी तुला वाटलं त्याहून बरीच पुढे जाऊन थांबली. त्याच आठवड्यात तू मोठ्या डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर मागवलेस. कॅलिपर म्हणजे फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटा घेणारा लोखंडी पंजा, हे तूच मला समजावलंस. मी मूलहून तुला भेटायला आले होते तेव्हाच ती खोकी आली.

तू पुढचं सगळं एकट्याने केलंस. शेवटी ब्रेकच्या तेलाच्या पाइपांतली हवा काढायची राहिली, आणि ते दोन माणसांचं काम. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने नट सैल करायचा. तू फोन केलास, "ताई, ये ना पेडल दाबाले. अंगात कणकण हाय, पण तेवढं होते." मी म्हटलं, या रविवारी वडशाला नाटकाला जायचं ठरलंय, पुढच्या रविवारी येते. "ये मंग," म्हणालास. मधल्या गुरुवारी तू गेलास. तापाबद्दल मी धड विचारलंसुद्धा नाही.

मला गाडी विकायची होती, हे तुला सांगितलं पाहिजे. पल्लवीची नेमणूक गडचिरोलीला आहे, आणि ती हीच गाडी घेऊन त्याच रस्त्याने ये-जा करणार म्हणून हटून बसली. मी म्हटलं, तुझ्या बाबाने अर्धवट ठेवलेल्या ब्रेकवर तू जंगलातून जाणार? ती म्हणाली, "आत्या, मग पूर्ण करू. पेडल घट्ट लागलं नाही तर तूच गिऱ्हाईक बघ."

म्हणून मी आले. साडी खोचून तुझ्या सीटवर बसले. ती काढलेल्या चाकाच्या जागी उकिडवी, नटाला पारदर्शक नळी, नळीचं टोक लोणच्याच्या बरणीत.

"दाब. धर. सोडू नको हं! हां, आता सोड."

दोन रविवार आम्ही हेच केलं. बरणीत बुडबुडे यायचे, थांबायचे. तरी पेडल ओल्या स्पंजवर पाय ठेवावा तसं खाली जायचं. मी मनातल्या मनात गिऱ्हाईक शोधायला लागले होते. खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं.

आज पल्लवीने तुझ्या वर्कशॉपमधल्या भास्करभाऊंना बोलावलं. ते वाकले, एका बाजूला पाहिलं, दुसऱ्या बाजूला पाहिलं आणि हसायलाच लागले.

"काऊन हसता भाऊ?" पल्लवी म्हणाली.

"अवं, इकडचं तिकडं बसलं हाय! हवेचा नट वर पायजे, हा त खाली हाय. हवा वर जाऊन बसते. वरसभर पेडल दाबा ना बाई, ते निघनार नाई."

"बाबा असं करतील?" तिला पटेना. मग तिने कोपऱ्यातली रिकामी खोकी ओढली. दोन्हींवर चिठ्ठ्या होत्या. डावा. उजवा. ठळक, गोल, सिस्टरांनी घोटून घेतलेलं अक्षर.

"आत्या, हे तुझं अक्षर आहे."

माझंच होतं. त्या दिवशी तू खोकी माझ्यापुढे ठेवून म्हणालास, "आतल्या कागदावर चित्र हाय, पाहून डावं-उजवं लिहून दे. तुझं अक्षर चांगलं हाय." मी गाडीच्या नाकासमोर उभी राहिले. माझ्या डाव्या हाताला येणारा डावा, उजव्या हाताला येणारा उजवा, असं लिहून मोकळी झाले. गाडीची डावी बाजू चालकाच्या सीटवरून मोजतात हे मला कोण सांगणार? आणि तू! जन्मभर नटबोल्ट हाताळलेस, एवढा मोठा नट खाली दिसला नाही? की ताईने लिहिलंय म्हणजे बरोबरच, म्हणून पाहिलंच नाहीस? इतका विश्वास बरा नव्हे रे!

मी विचारलं, "भाऊ, तो एकटाच हवा काढून तसाच रस्त्यावर गेला असता तर?"

"पेडल घट्ट लागल्याबिगर विलासभाऊ गाडी फाटकाभायेर काढत नोता, बाई. चूक त्यालेच घावली असती. मंग तुमाले फोन करून लय चिडवलं असतं."

ते चिडवणं माझं हुकलं.

अदलाबदल करायला दुपार गेली. मी पुन्हा पेडलवर. चौथ्या-पाचव्या दाबाला पाय मध्येच अडला, दगडावर ठेवल्यासारखा. पल्लवीने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पाना खाली ठेवला. मग चाकं चढवून रिकाम्या रस्त्यावर ती वेग घ्यायची आणि दाबायची, पुन्हा घ्यायची आणि दाबायची. नवे ब्रेक असेच मुरवतात म्हणे. गाडी सरळ रेषेत थांबत होती. मी शेजारी बसले होते. डोळे उघडे ठेवून, बरं का.

आता गिऱ्हाईक बघणार नाही. पल्लवी निघताना मी "जपून जा" म्हणेन, "जाऊ नको" म्हणणार नाही, हा माझा शब्द.

बाकीचं असं. तुझे पाने आणि बोल्ट मापाने आवळायचा तो लांब दांडा भास्करभाऊंना. जॅक आणि घोड्या पल्लवीकडे. जुन्या डिस्क तुझ्या वर्कशॉपला; भास्करभाऊ म्हणतात, नवीन पोरांना शिकवायला बऱ्या. तुझा निळा स्वेटर मी घेतला आहे, विचारलं नाही. गाडी पल्लवीला, कागदांवरही तिचंच नाव.

तुझी,
उषाताई