पऱ्हाटीच्या धुराचं भरीत

मडगाव, गोवा
२६ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबाले गोपालचा दंडवत.

मी मजेत हाय. तुमचा गुडघा कसा हाय? हे पत्र आधी तुमीच वाचजा, ताईले देऊ नका. फोनवर तुमी "कवा येतं बे?" इचारता अन् मी रेंज गेल्याचं सोंग करतो, म्हणून लिहून राह्यलो. अक्षर पाहून हासू नका.

बाबा, आपलं भरीत हाटेलाच्या मेनूकार्डावर लागलं! इथं लोकं जेवणाच्या आधी काहीतरी चाखत बसतात. भाजलेल्या पावाच्या चकतीवर लोण्यावानी काही फासून द्या लागते. मी म्हणलं, वांग्याचं करतो. गॅसवर भाजलं, मिक्सरमधून काढलं, तं पार खळ झाली. आमचा शेफ म्हणे, "ये क्या बनाया बे? पोस्टर चिपकाना है क्या?"

मंग तुमी आठवले. वावरातल्या भरीत पार्टीले कोणी गॅस आणला तं तुमी तोंड फिरवता. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्याच पाहिजे! आपल्या गावचा हरिओम इकडं येऊन राह्यला होता, त्याले आपल्या वावरातल्या पऱ्हाट्यांचा भारा आणाले लावला. शेगावले गाडीत टीसी त्याले म्हणे, "चूल कुठी ठेवली?"

हाटेलाच्या मांगं जाळ केला. वांगे भाजले, मुसळानं ठेचले. वरतून चक्का अन् शेंगदाण्याचं वाटण घालून घोटलं. सायीवानी मऊ, अन् धुराचा वास जसाच्या तसा. शेफनं बोट चाटलं, मंग अजून एकडाव चाटलं.  लगेच कार्डावर आपल्या गावाचं नाव छापून आलं: मोताळा भरीत. अन् पाहुण्यायच्या पहिल्या ताटाचं सारं काम माह्या हाताखाली देलं.

म्हणजे बाबा, आता मी इथलाच.

ताईनं वावरात ठिबक लावू म्हणलं, तुमी म्हणता गोपाल येऊ दे. नवं बियाणं आणू म्हणलं, गोपाल येऊ दे. तो भारा हरिओमनं नाही, ताईनं बांधला होता. एक काडी ओली नव्हती. तुमच्या या गोपालले तं वल्ली-वाळली अजूनही समजत नाही. वावर तिच्या हाती द्या, बाबा. ती मांगणार नाही, म्हणून मी मांगून राह्यलो. तुमी माही वाट पाहता, अन् अडते तिची.

आता हे पत्र ताईले द्या. मोठ्यानं वाचाले लावजा.

तुमचा भरीतवाला पोरगा,
गोपाल